एकाच प्रतीवर विसंबूं नये

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलुखांत पावसाळा लागला म्हणजे वीज केव्हां जाईल व मोबाईलची रेंज केव्हां येईल, याचा नेम नसतो. तरीही आमचे विद्यार्थी संगणकावर लिहूं लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु लिहिलेलें जपावें कसें व अनेकांनीं मिळून वाढवावें कसें, या प्रश्नाकडे आमचें फारसें लक्ष गेलेलें नाहीं. त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

अशी कल्पना करा कीं, जव्हारच्या एका मुलानें व मोखाड्याच्या एका मुलीनें वारली बोलींतील शब्दांचा संग्रह करावयाचें मनांत आणिलें. मुलानें यादी पेनड्राइव्हवर घालून एस. टी. नें जाणाऱ्या ओळखीच्या माणसाहातीं धाडली. मुलीनें तींत आजीकडून ऐकलेले शब्द भरून ती परत पाठविली. तेवढ्यांत मुलानेंही घरच्या यादींत नवे शब्द लिहिले होते. शेवटीं एक यादी दुसरीवर चढली आणि आजीचे शब्द पुसले गेले. दोष मुलांचा नव्हे, पद्धतीचा आहे.

यावर उपाय म्हणजे व्हर्जन कंट्रोल. लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं लिनक्सच्या कामासाठीं ‘गिट’ नांवाचें साधन निर्माण केलें. त्यांत प्रत्येक संगणकावर कामाची संपूर्ण प्रत, मागील सर्व बदलांच्या नोंदींसह, नांदते. जो तो आपल्या घरीं काम करितो, बदलाची सकारण नोंद करितो, दुसऱ्यांचे बदल ‘पुल’ करून घेतो व आपले बदल सामाईक भांडारांत ‘पुश’ करितो. हें भांडार शाळेच्या एका संगणकावर असूं शकतें, किंबहुना पेनड्राइव्हवरही. त्यासाठीं इंटरनेट हवेंच असें नाहीं. दोघांनीं एकच ओळ निरनिराळी बदलली, तर गिट कोणाचीही ओळ मुकाट्यानें पुसत नाहीं. दोन्ही पुढें मांडून निवाडा माणसावर सोंपवितें.

कोणी म्हणतील, हा खटाटोप कशाला? एकच फोल्डर सर्वांना मोकळा करून द्यावा. आम्हांस तें मान्य नाहीं. एका फोल्डरमध्यें अनेक हात शिरले म्हणजे एकाचें अर्धवट काम सर्वांच्या गळ्यांत पडतें. शिवाय प्रत्येक संगणकाची मांडणी वेगळी असते. ती ज्याची त्यानें आपल्यापाशीं ठेवावी. जें सर्वांचें, तेवढेंच भांडारांत जावें. पासवर्ड तर मुळींच जाऊं नये. कारण पुढें तो पुसला तरी जुन्या नोंदींत तसाच राहतो.

हा धडा आमच्या वाङ्मयानें पूर्वींच दिला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं प्रथम छापलें गेलें व १६४९ आणि १६५४ सालीं पुन्हां छापलें. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो भाविकांनीं उतरून घेतलेल्या हस्तलिखितांमुळें; त्यांच्याच आधारें १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हां मुद्रित झाला. तथापि प्रती अनेक असल्या म्हणजे झालें, असेंही नाहीं. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले, तेव्हां श्रीएकनाथांनीं शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, तिचा पाठ शुद्ध केला. प्रती सांभाळणें हें यंत्राचें काम. त्या जुळविणें हें विवेकाचें.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच: कामास बसतांना प्रथम पुल करा, उठतांना नोंद करा आणि पुश करा, नोंदींत काय बदललें व कां, हें स्वच्छ शब्दांत लिहा. पालकांनींही मुलाचें काम एकाच यंत्रांत अडकून नाहीं ना, हें अधूनमधून विचारावें. पुस्तक हरवलें तर दुसरें मिळेल. आजीनें सांगितलेला शब्द एकदां गेला, तर तो कोणास विचारावयाचा?