उपगूहनानंतर स्थितिकरण

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आणि स्थितिकरण ही अंगे लागोपाठ येतात. दुसऱ्याच्या दोषाचा गवगवा करू नये, हे पहिले; मार्गावरून ढळलेल्यास पुन्हा स्थिर करावे, हे दुसरे. व्यापारी घराण्यांत मात्र बहुधा पहिल्यापाशीच थांबण्याची रीत दिसते. वाशीच्या घाऊक बाजारात पेढी असलेल्या एखाद्या घरातील तरुण व्यसनमुक्ती केंद्रातून परततो, तेव्हा ‘झाले गेले विसरा’ म्हणून विषय मिटवला जातो. त्याने सुईवाटे नशा केली असेल, तर या मौनात रक्ताची एक महत्त्वाची तपासणी राहून जाते.

ती तपासणी हिपॅटायटिस सी या रोगाची. याचा विषाणू रक्तातून पसरतो. एकच सुई अनेकांनी वापरणे हे त्याचे मोठे कारण. कित्येक वर्षे लक्षणे दिसत नाहीत आणि आत यकृताची हानी होत राहते. एका पंक्तीत जेवल्याने हा रोग होत नाही. ताट वेगळे करू नये. दाढीचे पाते आणि दात घासण्याचा ब्रश तेवढा वेगळा असावा.

पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने हाच मुख्य उपाय होता. त्याच्या सुधारित प्रकाराचा सहा महिन्यांचा खर्च सुमारे ४,३६,००० रुपये होता. रोश कंपनीला २००६ मध्ये त्याचे भारतीय पेटंट मिळाले. सुईवाटे नशा करणाऱ्यांसाठी मुंबईत कार्य करणाऱ्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने त्यास हरकत घेतली. २००९ मध्ये पेटंट कार्यालयाने ती फेटाळली. संस्थेने अपील केले. २ नोव्हेंबर २०१२ रोजी बौद्धिक संपदा अपील मंडळाने पेटंट रद्द केले. ज्यांना नातेवाईकही दारात उभे करीत नाहीत, त्यांच्यासाठी एक छोटी संस्था इतकी वर्षे लढली.

आता इंजेक्शनांची जागा गोळ्यांनी घेतली आहे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाअंतर्गत नियोजित सरकारी केंद्रांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. यकृत फार बिघडलेले नसल्यास उपचार साधारणतः १२ आठवड्यांचा असतो आणि शंभरातील ९५ च्या आसपास रुग्ण बरे होतात. व्यसन पूर्ण सुटेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. दोन्ही उपचार एकत्र चालू शकतात. मात्र लस नसल्याने बरे झाल्यावरही पुन्हा लागण होऊ शकते.

चार दानांत औषधदानाची गणना आहे. येथे औषध शासन देते. तपासणी केंद्रापर्यंतची सोबत घरच्यांनी द्यावयाची आहे. दोष झाकून झाल्यावर उरलेले कर्तव्य ते हेच.