मांजराचें पान

दूधभातावर मांजर पोसणें म्हणजे भूतदया, असा आपल्याकडे घरोघरीं समज आहे. आमच्या मतें ती दया अपुरी होय. मांजर जातीचेंच मांसाहारी. गाजरांतील कॅरोटीनपासून ‘अ’ जीवनसत्त्व त्याच्या शरीरांत तयार होत नाहीं, व टॉरिन नांवाचें पोषकद्रव्यही त्यास मांसांतूनच मिळवावें लागतें. टॉरिनच्या अभावीं मांजराची दृष्टि जाते हें १९७५ सालीं, व हृदय दुबळें होतें हें १९८७ सालीं, संशोधकांनीं दाखवून दिलें.

घरीं कच्चा आहार योजावयाचा तर नुसतें मांस पुरत नाहीं. त्यांत फॉस्फरस पुष्कळ, कॅल्शियम अत्यल्प. म्हणून दळलेल्या कच्च्या हाडांची जोड हवी. टॉरिनसाठीं हृदय घ्यावें. यकृत थोडेंच, कारण ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अतिरेकानें मणके सांधले जातात. प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावें. कच्च्या मांसांतील जंतूंचें भय गर्भवती व बालकें यांस विशेष. तीं ज्या घरांत आहेत तेथें हा मार्ग वर्ज्यच.

आणि ज्यांच्या स्वयंपाकघरांत मांस येणें शक्य नाहीं, त्यांनीं बाजारांतील कोरडें संतुलित खाद्य आणावें. तेंही नको, तर मांजर पाळूं नये. आपलें व्रत आपण पाळावें, मुक्या जीवावर लादूं नये.