काचपेटीतला नवतपा

३० मे २०२४ रोजी, ऐन नवतपात, नागपूरच्या रामदासपेठेतील कृषी विद्यापीठाच्या शेतावरील स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले आणि देशभर खळबळ उडाली. त्याच दिवशी खापरी आणि रामटेक येथील केंद्रांवर पारा ४४ अंशांच्या आसपास होता. इलेक्ट्रॉनिक सेन्सर नीट काम करत नसल्याने ही चुकीची नोंद झाल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले. नागपूरकरांनी सुस्कारा सोडला. पण एखाद्या घरातल्या काचपेटीत तापमान खरोखरच ५६ अंशांवर गेले, तर तिथे खुलासा करायला कोणी नसते. आत असलेला प्राणी तासाभरातही दगावू शकतो.

परदेशी सरडे पाळण्याची हौस आता मुंबई-पुण्यापुरती उरलेली नाही. त्यात ‘बिअर्डेड ड्रॅगन’ हा सरडा विशेष आवडता आहे. शांत स्वभावाचा, हातावर निवांत बसणारा, गळ्याखालची काटेरी दाढी फुगवणारा हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या प्रदेशाचा. ‘वाळवंटातला प्राणी आहे, त्याला नागपूरच्या उन्हाचे काय?’ असे अनेकांना वाटते. हा गैरसमज त्याच्या जिवावर बेततो.

वाळवंटातही सावली असते

सरडा आपल्या शरीरात उष्णता तयार करून तापमान टिकवू शकत नाही. तो ते जागा बदलून सांभाळतो. सकाळी खडकावर किंवा कुंपणाच्या खांबावर बसून ऊन खातो, अंग ३५ अंशांच्या आसपास तापले की हालचाल करतो, भक्ष्य पकडतो, पचवतो. ऊन वाढले की झुडपात किंवा बिळात शिरतो. वाळवंटात तो जगतो तो ही पळवाट असल्यामुळे. काचपेटीत ती पळवाट पाळणाऱ्याने तयार करायची असते.

म्हणूनच पेटीचे एक टोक गरम आणि दुसरे थंड ठेवतात. ऊन खाण्याच्या जागेचा पृष्ठभाग साधारण ३८ ते ४२ अंश, थंड टोक २५ ते ३० अंश आणि रात्री १८ ते २४ अंश, हे सर्वमान्य प्रमाण. पूर्ण वाढलेल्या सरड्यासाठी किमान चार फूट लांब, दोन फूट रुंद पेटी सुचवली जाते, कारण छोट्या पेटीत दोन टोकांत फरकच राहत नाही.

अडचण पुढे आहे. या प्राण्याविषयीची बहुतेक पुस्तके आणि दिव्यांच्या खोक्यांवरील सूचना थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. तिथे खोलीचे तापमान २० अंश असते. दिव्याने त्यात २० अंशांची भर घातली की बसण्याची जागा ४० अंशांवर येते आणि पेटीचे दुसरे टोक आपोआप थंड राहते. नागपुरात मे महिन्यात स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरील खोली कूलर बंद असताना सहज ३८ अंशांवर जाते. तोच दिवा तिथे लावला तर बसण्याची जागा ५८ अंशांच्या घरात जाईल आणि थंड टोक उरणारच नाही. अशा शहरात, जिथे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, पाळणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न गरम कसे करायचे हा नसून गार कोपरा कसा टिकवायचा, हा आहे.

उजेड वेगळा, उष्णता वेगळी

मग उन्हाळ्यात सगळे दिवे बंद ठेवावेत का? नाही. इथेच दुसरी चूक होते. या सरड्याला उष्णतेइतकीच अतिनील किरणांची, त्यातही ‘यूव्हीबी’ किरणांची गरज असते. त्वचेतील एका कोलेस्टेरॉलसदृश घटकावर हे किरण पडले की ‘ड-३’ जीवनसत्त्व तयार होऊ लागते आणि अंगाच्या उबेने ती क्रिया पूर्ण होते. माणसातही हेच घडते. हे जीवनसत्त्व नसेल तर अन्नातले कॅल्शियम शरीर शोषत नाही आणि हाडांतले कॅल्शियम वापरले जाऊ लागते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंगाला झटके येतात. पाळीव सरड्यांत हा आजार नेहमी आढळतो आणि वाकलेली हाडे पुन्हा सरळ होत नाहीत.

भरपूर ऊन असलेल्या भारतात शहरी माणसांमध्ये ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर दिसते. कारण ऊन शहरात असले तरी माणसे आत असतात. सरड्याचेही तसेच. खिडकीच्या काचेतून उष्णता आणि उजेड आत येतो, यूव्हीबी किरण मात्र जवळजवळ सगळे अडतात. खिडकीशी ठेवलेल्या पेटीत सरडा भाजून निघतो, पण त्याला जीवनसत्त्व मिळत नाही.

त्यामुळे यूव्हीबीची नळी आणि उष्णतेचा दिवा या दोन वेगळ्या वस्तू, दोन वेगळ्या बटणांवर हव्यात. पेटीच्या अर्ध्या ते दोनतृतीयांश लांबीची ‘टी-५’ प्रकारची नळी गरम टोकाकडे लावावी. सरड्याच्या पाठीपासून ती साधारण ३० ते ४५ सेंटिमीटरवर असावी, पण नेमके अंतर नळीची ताकद आणि मधली जाळी यांवर ठरते. नळीचा उजेड दिसत राहिला तरी तिच्यातील यूव्हीबी कमी होत जाते, म्हणून साधारण वर्षाने ती बदलावी लागते. उष्णतेचा दिवा थर्मोस्टॅटला जोडलेला असावा, म्हणजे खोली तापली की तो आपोआप मंद किंवा बंद होईल. नवतप्यात तो दिवसभर बंद राहिला तरी बिघडत नाही. नळी मात्र नेहमीच्या वेळी सुरू राहिली पाहिजे.

नळीला पूरक म्हणून खरे ऊन उत्तम. नागपुरात उन्हाळ्यात सकाळी आठच्या सुमारास आणि हिवाळ्यात दहाच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटे पुरतात. मात्र तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली करून आणि नजर ठेवून. काचेची पेटी उन्हात कधीही ठेवू नये.

कूलरचा ओलावा

विदर्भातील घरांत उन्हाळ्याचा उपाय म्हणजे डेझर्ट कूलर. माणसाला तो सुखाचा, पण तो हवेत पाणी सोडतो. या सरड्याला साधारण ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते. दारे-खिडक्या बंद करून कूलर चालवला की ओलावा त्याच्या कितीतरी वर जातो आणि दीर्घकाळ तसे राहिल्यास श्वसनाचे आजार होण्याचा धोका वाढतो. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी असावी, झोत पेटीवर येऊ नये आणि पेटीचे झाकण जाळीचे असावे. एसी असेल तर प्रश्न सुटतो, पण वीज बिलाचा हिशेब आधीच करावा लागतो.

वीज गेली तर? पेटी तळमजल्यावरील सर्वांत गार खोलीत हलवावी. गोठवलेल्या पाण्याची बाटली कापडात गुंडाळून थंड टोकाला बाहेरून टेकवावी. ऊन खाताना सरडा तोंड उघडतो, ते नैसर्गिक आहे. थंड टोकाला बसूनही तो तोंड उघडून धापा टाकत असेल किंवा अंग सैल पडले असेल, तर तो उष्माघात समजावा. बर्फाचे पाणी न वापरता साध्या पाण्याने अंग ओले करून तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे.

हिवाळ्यात गणित उलटते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. पेटीत रात्री १८ अंशांखाली तापमान जात असेल तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर लावावा. लाल दिवे टाळावेत, कारण सरड्याला तो उजेड दिसतो आणि झोप मोडते. गरम होणारे कृत्रिम दगडही नकोत, त्यांनी पोट भाजते.

आधी मोजा, मग आणा

काचेला चिकटवायची स्वस्त गोल तापमापके हवेचे ढोबळ तापमान दाखवतात, सरडा बसतो त्या जागेचे नाही. दोन्ही टोकांना तार असलेले डिजिटल तापमापक आणि पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड तापमापक हवे. हवामान केंद्राचा सेन्सर चुकू शकतो, तर घरचाही चुकू शकतो; म्हणून दोन साधनांचे आकडे ताडून पाहावेत.

कायदाही लक्षात घ्यायला हवा. केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ मधील नियमांनुसार वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची ४ मधील परदेशी प्रजाती पाळणाऱ्यांना ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. ग्रीन इग्वाना त्यात येतो. कोणताही परदेशी सरडा घेण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करून खरेदीची पावती जपावी. आपल्याकडची घोरपड पाळणे तर गुन्हाच आहे. शिवाय सरड्यांमुळे साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना त्यापासून दूर ठेवावे.

चांगल्या देखभालीत हा प्राणी दहा वर्षे किंवा त्याहून अधिक जगतो. म्हणजे नागपूरचे किमान दहा उन्हाळे. सरडा आणण्यापूर्वी रिकामी पेटी मे महिन्यात आठवडाभर त्या खोलीत ठेवावी आणि दुपारी तीन वाजता थंड टोकाचे तापमान रोज लिहून ठेवावे. कूलर, पंखा, जागाबदल असे सगळे करूनही ते ३२ अंशांखाली राहत नसेल, तर त्या घरात हा सरडा आणू नये.