शिक्का नको, निदान हवे

कावीळ म्हटली की पिवळे पडलेले डोळे आठवतात आणि तो पिवळेपणा ओसरला की रोग गेला असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. काविळीवर माळ घालणारे वैदू आजही गावोगावी आहेत आणि त्यांचा लौकिकही टिकून आहे. त्याचे कारण उघड आहे. प्रौढ माणसाला ‘हिपॅटायटिस बी’चा संसर्ग झाला तर शंभरांपैकी सुमारे ९५ जणांचे शरीर तो विषाणू स्वतःच परतवून लावते, श्रेय मात्र माळेला मिळते. उरलेल्यांच्या यकृतात विषाणू मुक्काम ठोकतो. जन्मतःच आईकडून संसर्ग झालेल्या बालकांत तर हे प्रमाण शंभरात ९०च्या घरात जाते. डोळे पिवळे होत नाहीत, माणूस कामावर जात राहतो आणि अनेक वर्षांनी यकृत आक्रसल्याचे वा त्यात कर्करोग झाल्याचे उघडकीस येते. म्हणूनच या रोगाचे निदान डोळे पाहून होत नाही. रक्तच तपासावे लागते.

ही तपासणी शक्य झाली ती बारूक ब्लूमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या शोधामुळे. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अपरिचित प्रतिजन आढळला. १९६५ साली तो शोध प्रसिद्ध झाला आणि १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूच्या पृष्ठभागावरील हाच प्रतिजन आज ‘एचबीएसएजी’ या नावाने तपासला जातो. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर काही मिनिटांत त्याचे उत्तर मिळू शकते.

परंतु हे उत्तर म्हणजे निदान नव्हे. विषाणू शरीरात आहे एवढेच ते सांगते. संसर्ग नवा की जुना, हे ठरवण्यासाठी विषाणूच्या गाभ्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे शोधावी लागतात. प्रतिजन सहा महिन्यांहून अधिक काळ टिकला तर संसर्ग जुनाट ठरतो. यकृताला इजा होत आहे काय, हे एएलटी या विकराच्या मोजणीवरून व यकृताच्या तपासणीवरून कळते. विषाणू किती वेगाने वाढत आहे, हे त्याच्या डीएनएच्या मोजणीवरून समजते. हे सारे एकत्र पाहिल्यावरच औषध आज सुरू करावयाचे की केवळ नियमित देखरेख ठेवावयाची, याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात.

या शिडीची पहिली पायरी गरिबाच्या वाट्याला वारंवार येते. पुढच्या पायऱ्यांवर मात्र त्याला कोणी नेत नाही. रक्तदान शिबिरात, शस्त्रक्रियेपूर्वी, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत त्याचे रक्त घेतले जाते. आखाती देशांत मजुरीला जाऊ इच्छिणाऱ्या कोकणातील तरुणाचीही ही चाचणी होते. प्रतिजन सापडला की ‘अपात्र’ असा शिक्का बसतो. एजंटाला दिलेले पैसे बुडतात आणि रोजगाराची वाट बंद होते. त्याला औषधाची गरज आहे काय, हा प्रश्न विचारणे त्या तपासणीच्या हेतूतच बसत नाही. तेथे रक्त तपासले जाते ते मालकाच्या सोयीसाठी, कामगाराच्या आरोग्यासाठी नव्हे.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. २०१८ साली राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी व औषधे मोफत देण्याची तरतूद आहे. परंतु कागदावरील तरतूद आणि शेतमजुराचे घर यांत मोठे अंतर आहे. जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंतची प्रत्येक खेप म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात या विषाणूचे २ कोटी ९८ लाख रुग्ण होते. त्याच वर्षी जगभरातील रुग्णांपैकी शेकडा १३ जणांचेच निदान झालेले होते आणि उपचार शेकडा ३ जणांना मिळत होते.

खर्चाची सबब येथे टिकत नाही. या रोगावरील टेनोफोविर हे औषध भारतीय कारखान्यांत तयार होते आणि परदेशांतही जाते. यकृत निकामी झाल्यावर कुटुंबाला जमीन विकून जो खर्च करावा लागतो, त्यापुढे वेळेवर केलेल्या तपासण्यांचा खर्च नगण्य आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. रुग्णाने प्रयोगशाळेच्या वाऱ्या करण्याऐवजी रक्ताचा नमुना तालुक्याच्या रुग्णालयातून पुढे जावा आणि अहवालही तेथेच परत यावा. प्रतिजन सापडलेल्या प्रत्येकाच्या पुढील तपासण्या करणे ही यंत्रणेची जबाबदारी मानली जावी. त्याच्या कुटुंबीयांची तपासणी व लसीकरण व्हावे आणि प्रत्येक नवजात बालकाला २४ तासांच्या आत लस मिळावी. एकत्र जेवल्याने वा शेजारी बसून काम केल्याने हा रोग पसरत नाही. तेव्हा या चाचणीच्या आधारे सर्वसाधारण नोकरी नाकारण्यास कायद्याने बंदी असावी. एचआयव्हीबाधितांना २०१७ च्या कायद्याने भेदभावाविरुद्ध जे संरक्षण दिले, त्या धर्तीचे संरक्षण या रुग्णांनाही हवे.

कामगार संघटनांनी हा प्रश्न डॉक्टरांचा म्हणून बाजूस सारू नये. वेतन आणि बोनस यांच्या मागणीपत्रात या मागणीलाही स्थान मिळाले पाहिजे: कामगाराचे रक्त घेणाऱ्याने त्याच्या उपचाराचीही हमी घेतलीच पाहिजे.