ताम्रपटाला काचपेटी, स्लाइड रूलला भंगाराचा तराजू?

१/ भद्रावतीचा इतिहास सांगू लागले की आपली लेखणी विजासनची लेणी आणि भद्रनागाचे मंदिर यांच्याभोवती फिरते. फार तर राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ.स. ७७२ च्या भांदक ताम्रपटापर्यंत जाते. जणू पुढची बाराशे वर्षे हे गाव झोपले होते! इतिहासप्रेमाच्या नावाखाली चाललेला हा आळस आहे.

२/ याच गावालगत साठच्या दशकात चांदा आयुध निर्माणी उभी राहिली. दारूगोळ्याच्या कारखान्यापुढचा पेच निराळा असतो. गोळा उडतो की नाही, हे तो उडवल्याशिवाय कळत नाही. आणि उडवलेला गोळा सैन्याला देता येत नाही. सगळेच तपासले, तर हाती काहीच उरत नाही.

३/ म्हणून लॉटमधले मोजके नमुने तपासून सगळ्या लॉटचा निवाडा करायचा. सांख्यिकीय गुणवत्ता नियंत्रणाचा हा एक पाया. दुसरा पाया नियंत्रण आलेखाचा. तो अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडला. स्वातंत्र्याच्या सुमारास प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्यांना भारतात बोलावले होते.

४/ हिशेब पाहा. नमुना १०० नगांचा, सदोष नगांचे नेहमीचे प्रमाण ४ टक्के. वरची मर्यादा: ०.०४ + ३ × √(०.०४ × ०.९६ ÷ १००), म्हणजे सुमारे ०.०९९. शंभरात नऊ सदोष निघाले तर काम चालू. दहा निघाले तर बिघाडाचे कारण शोधा.

५/ खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर १९७२ मध्ये आला. तोवर असे हिशेब स्लाइड रूलवर होत. तिच्या खुणा लॉगॅरिथमच्या असतात, म्हणून लांबीत लांबी मिळवली की गुणाकार होतो. 'ए' श्रेणीवर संख्या धरली की 'डी' श्रेणीवर तिचे वर्गमूळ मिळते. गुणवत्ता नियंत्रणासाठी तर खास पट्ट्याही निघाल्या.

६/ "तीनच अंक दाखवणारे ढोबळ साधन!" असे हिणवणाऱ्यांनी वरचे उदाहरण पुन्हा वाचावे. शंभर नगांच्या नमुन्यात सदोष प्रमाण निव्वळ योगायोगानेच दोन टक्क्यांनी इकडेतिकडे होते. तिथे चौथा अंक निव्वळ शोभेचा. प्रश्नाला जेवढी अचूकता हवी, तेवढी ही पट्टी देत होती.

७/ "पण हे तंत्र परदेशी, यात आपला इतिहास कुठे?" ताम्रपट आपण का जपतो? दान कोणी, कोणाला, कोणत्या अधिकाराने दिले हे तो सांगतो म्हणून. लॉट नापास करण्याचा अधिकार अनुभवी नजरेकडून आकड्याकडे कसा सरकला, हे ही पट्टी सांगते. दोन्ही वस्तूंवर सत्तेचा व्यवहार कोरलेला आहे. वाचणारा मात्र एकीलाच मिळाला.

८/ कॅल्क्युलेटरपूर्वीच्या कारखान्यांत उमेदवारी केलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या कपाटातली पट्टी उद्या रद्दीबरोबर किलोच्या भावाने जाईल. गोपनीय कागद मागू नका. पट्टीची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्या, निर्मात्याचे नाव टिपा, आणि आजोबांना विचारा: "यावर तुम्ही नेमका कोणता हिशेब करत होता?" लेणी पुढच्या वर्षीही जागेवर असतील. हे उत्तर असेलच असे नाही.