सुधाकरांचे कौतुक पुरे

प्रतिभावंताला सारे क्षम्य असते, हे वचन आपल्या बैठकींतून इतक्या सहजतेने उच्चारले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या चाहत्यांनी तर त्याचे शास्त्रच बनवले आहे. त्यांचे म्हणणे असे, की व्यसन, बेताल वर्तन आणि घरच्यांची परवड हे निर्मितीचे इंधन होय. ते काढून घेतले तर संगीतही उरणार नाही. हा युक्तिवाद आम्हांला मुळातच अमान्य आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही आणि नीतीला तर नाहीच नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जिमी हेंड्रिक्सची पहिली ध्वनिमुद्रिका १९६७ साली निघाली आणि इलेक्ट्रिक गिटारची भाषाच पालटली. १८ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या २७व्या वर्षी, झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने त्याचा लंडनमध्ये अंत झाला. त्यानंतर सोळाच दिवसांनी जॅनिस जॉप्लिन हेरॉइनला बळी पडली. तिचेही वय २७च होते. तिच्या 'पर्ल' या अखेरच्या ध्वनिमुद्रिकेतील एक गीत आजही शब्दांवाचून वाजते, कारण वाद्यमेळ मुद्रित झाला होता आणि गाणारी उरली नव्हती. व्यसनाने दिलेले गीत कोणते, ते चाहत्यांनी दाखवावे. हिरावलेले गीत आम्ही दाखवले आहे. एरिक क्लॅप्टन हेरॉइनच्या आहारी गेला, तेव्हा मंचावरून जवळजवळ नाहीसाच झाला होता. १९९२ची त्याची गाजलेली 'अनप्लग्ड' मात्र दारू सोडून पाच वर्षे लोटल्यानंतरची आहे. फ्रँक झप्पाने तर आपल्या वाद्यवृंदात अमली पदार्थांना थारा दिला नाही, आणि हयातीत साठांच्या घरात ध्वनिमुद्रिका काढल्या. मग इंधन ते कोणते?

आता नीतीचा प्रश्न. जगाला शांततेचे गाणे देणाऱ्या जॉन लेननने, आपण पूर्वी स्त्रियांवर हात उगारीत असू, अशी कबुली १९८०च्या मुलाखतीत स्वतःच दिली. प्रेमाची शिकवण जगाला देणारा आपला पिता ते प्रेम घरात दाखवू शकला नाही, ही त्याच्या थोरल्या मुलाची, ज्युलियनची, व्यथाही जाहीर आहे. क्लॅप्टनची गोष्ट याहून बोचरी. ज्याची सारी वादनविद्या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतावर पोसली, ज्याला १९७४ साली बॉब मार्लेच्या गीताने अमेरिकेत अव्वल स्थान मिळवून दिले, त्याने १९७६ साली बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून, मद्याच्या धुंदीत, परक्यांनी इंग्लंड सोडून जावे असे बजावले. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात घर करून राहिलेल्या आम्हां लोकांना 'चालते व्हा' या शब्दांची धार समजावून सांगावी लागू नये. पुढे त्याने त्याबद्दल शरम व्यक्त केली खरी, पण त्यास अनेक दशके लागली. मात्र ज्यांनी त्याच वेळी निषेध करून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभारली, तेही त्याच संगीताचे भक्त होते, हे विसरू नये. संगीतावर प्रेम करणे म्हणजे संगीतकाराची वकिली पत्करणे नव्हे.

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकरही तेजस्वी बुद्धीचा होता. पण प्रेक्षकांचे डोळे पाणावले ते जात्यावर बसलेल्या सिंधूसाठी. त्या बुद्धीची किंमत कोण मोजते, हे नाटककाराने पक्के ओळखले होते. आजचा चरित्रकार मात्र सुधाकराच्या प्याल्याचे रसभरित वर्णन करतो आणि सिंधूला तळटीपेत ढकलतो. आमचा आक्षेप आहे तो याला.

कोणी म्हणेल, मग या ध्वनिमुद्रिका अडगळीत टाकायच्या काय? मुळीच नाही. हेंड्रिक्सचा सूर त्याच्या गोळ्यांनी बाटत नाही आणि लेननची चाल त्याच्या रागीटपणाने बेसूर होत नाही. कृती कृतीच्या गुणांवर जोखावी आणि वर्तन वर्तनाच्या तराजूत तोलावे. एका पारड्यातील वजन उचलून दुसऱ्यात टाकू नये, एवढाच आमचा आग्रह आहे. घरातील तरुण मुले ही गाणी ऐकतात, त्यांना ती खुशाल ऐकू द्यावीत. मात्र त्या कलावंतांच्या कथा सांगताना व्यसनाला 'लहर' आणि क्रौर्याला 'मनस्वीपणा' म्हणण्याची सवय आपण वडीलधाऱ्यांनीच आधी सोडली पाहिजे.