पंप बदलण्यापूर्वी तपासा!

आमच्या वस्तीतील बरीच तरुण मुले टुरिस्ट गाड्यांवर आहेत. कुणी मालकाच्या गाडीवर पगारी, तर कुणी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतलेली. गाडी एक दिवस उभी राहिली तर कमाई थांबते. हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून या खेपेस गाडीविषयीच लिहीत आहोत.

आमच्या भाच्याची पेट्रोल गाडी कसारा घाटात प्रवाशांसह बंद पडली. अर्ध्या तासाने, थंड झाल्यावर, पुन्हा चालू झाली. पुढे हे नेहमीचेच झाले. चढावर गाडी दम धरीना, झटके खाई. एका गॅरेजवाल्याने नुसते ऐकूनच सांगितले, “पंप गेला.” नवा पंप बसवला. आठ दिवसांत गाडी पुन्हा बंद! भाचा रडवेला होऊन म्हणाला, “मामा, दोन हप्त्यांचे पैसे पंपात गेले हो.”

आम्ही पडलो कारकून. यंत्रातले आम्हांस फारसे कळत नाही. परंतु खर्च टाकण्याआधी कागद तपासावा, एवढे नक्की कळते. आम्ही त्याला ओळखीच्या जुन्या वायरमनकडे नेले. त्याने गाडी चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास. पंपाच्या सॉकेटवर १० सुद्धा नाहीत! सॉकेटची पिन जळून काळी पडली होती. वीज कमी, म्हणून पंप मंद आणि पेट्रोलचा दाब कमी. दुखणे वायरीत होते, बदलला पंप.

जुन्या पद्मिनी टॅक्सीचा पंप इंजिनाच्या अंगालाच असे, डोळ्यांना दिसे. ती टॅक्सी २०२३ साली मुंबईतून गेली. आताच्या इंजेक्शन गाडीत विजेचा पंप टाकीच्या आत असतो. म्हणून तपासणी क्रमाने करावी.

पहिली गोष्ट, सेल्फ न मारता नुसती चावी ऑन करा. बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून सुमारे दोन सेकंद गुणगुण ऐकू येते. आवाज नसेल तर आधी फ्यूज पाहा. फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घाला. त्या जागी तार गुंडाळू नका, आग लागते. नंतर त्याच नंबरचा दुसरा रिले घालून पाहा. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा चालतो.

दुसरी गोष्ट, आवाज आला म्हणजे पंप चांगला, असे नव्हे. मेकॅनिककडून गेज लावून दाब मोजून घ्या. बहुतेक साध्या इंजेक्शन गाड्यांत तो ३ ते ४ बार असतो. दाब कमी भरला तर पंपापर्यंत वीज पुरी पोहोचते का, फिल्टर तुंबला आहे का, हे पाहा. वीज पुरी, फिल्टर साफ, तरी दाब पडतो, तेव्हाच पंपावर बोट ठेवावे. दाब ठीक असेल तर दोष कॉइल, सेन्सर अशा दुसऱ्या ठिकाणी शोधावा.

गाडी सीएनजीचीही असेल तर एक सोपी खूण आहे. सीएनजीवर नीट चालते आणि पेट्रोलवर मरते, तर दोष बहुधा पेट्रोलच्या बाजूचा.

मात्र पेट्रोलचा पाइप घरी उघडू नका. गाडी बंद केल्यावरही आत दाब राहतो. जवळ विडी-काडी नको.

टाकीतले पेट्रोलच पंपाला थंड ठेवते. म्हणून सीएनजीवर चालणाऱ्या बांधवांनीही टाकी कोरडी ठेवू नये. पाव टाकी तरी असावी.

शेवटी एवढीच विनंती. गॅरेजवाल्याला नम्रपणे विचारा, “दादा, दाब किती भरला? व्होल्ट किती आले?” आकडा सांगता आला तर पैसे द्या, पक्के बिल आणि जुना पार्ट मागून घ्या. आकडा नसेल तर गाडी दुसरीकडे दाखवा. विचारण्यात कमीपणा नाही. घामाचा पैसा अंदाजावर घालवू नका.